बत्ताशा सोळा वर्षं आमच्या घरी आहे. तो आमचा आहे का?

अबोली | बुधवार, रात्री १०.४२

तीन आठवडे लिहू की नको चाललं होतं. आज जेवताना लेकीने पुन्हा विचारलं, म्हणून बसलेच लिहायला.

आमच्या घरी कासव आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असतात ते, स्टार कासव. २००९ मध्ये सासऱ्यांनी मुंबईहून बुटाच्या खोक्यात घालून एसटीने साताऱ्याला आणलं. तेव्हा दुकान बुडीत चाललं होतं आणि कुणीतरी सांगितलं होतं की उत्तरेला जिवंत कासव ठेवा, लक्ष्मी टिकते. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. खोकं उघडलं तर आत बत्ताशासारखा इवलासा जीव, मान आत ओढून बसलेला. म्हणून नाव बत्ताशा.

दुकान पुढे चाललं. कासवामुळे की सासऱ्यांच्या कष्टांमुळे, हे घरात कुणी काढत नाही. सासरे २०२१ मध्ये गेले. बत्ताशा आहे. सकाळी ऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पोचलं की तो शहाबादी फरशीवरून खट् खट् करत येतो आणि सासूबाई जास्वंदीचं फूल देईपर्यंत उंबऱ्याला धडका देत राहतो. लाल जास्वंदच लागते. पांढरीला तोंड लावत नाही.

लेक आठवीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी वाचताना तिला कळलं की ही कासवं पाळायला बंदी आहे आणि बाजारात येतात ती रानातून उचललेली असतात. तेव्हापासून तिचं एकच: "आई, आजोबांनी आणला तेव्हा तो पिल्लू होता ना? मग त्याला कुणीतरी कुठूनतरी उचललं असणार."

कायद्याबद्दल माझं भांडण नाही. सोळा वर्षं ज्याला जीव लावला तो आमचा आहे का, हे मला विचारायचंय. आणि नसेल, तर आता देऊन टाकणं त्याच्या भल्याचं, की नुसतं आमच्या मनाच्या समाधानाचं?

माळरान | बुधवार, रात्री ११.०५

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. नाही ताई, तुमचा नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. स्टार कासव आधी अनुसूची ४ मध्ये होतं. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ ला लागू झाली, तेव्हापासून ते अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. कलम ३९ प्रमाणे बेकायदा पकडलेला वन्यप्राणी सरकारच्या मालकीचा असतो. वन विभागाची हेल्पलाइन १९२६. उद्याच फोन करा.

दादरचा कट्टा | बुधवार, रात्री ११.२०

घाबरवताय कशाला त्यांना? आमच्या चाळीत चार घरांत कासवं होती, दोन घरांत पोपट. कुणी त्यांचा छळ केला नाही. ताई, सोळा वर्षं जगलंय म्हणजे सुखातच आहे. रानात असतं तर लहानपणीच मुंगसाने फस्त केलं असतं. घरच्या माणसासारखं असलेलं जनावर कागद बघून हाकलायचं, हे मला पटत नाही.

रानभूल | गुरुवार, सकाळी ७.१५

दादरकर, "जगलंय म्हणजे सुखात" याला माझा विरोध आहे. मी सांगली भागात बावीस वर्षं साप पकडून सोडतो. कुत्रं उपाशी असलं तर चार दिवसांत कळतं. साप आणि कासवं तशी नाहीत. ती महिनेच्या महिने तग धरतात, ओरडत नाहीत, अंगावर काही दाखवत नाहीत. दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मांडुळाचं सांगतो. लोक त्याला दुतोंड्या म्हणतात, कारण शेपूट डोक्यासारखी बोथट असते. बिनविषारी आहे, उंदीर खातो, शेतकऱ्याच्या उपयोगाचा. पण गुप्तधन दाखवतो, पैशाचा पाऊस पाडतो असल्या गोष्टींवर त्याचा बाजार उभा आहे, आणि जितकं वजन जास्त तितका भाव जास्त. एकदा एका गोदामातून आम्ही एक सोडवला. प्लास्टिकच्या पिंपात होता. वजन वाढावं म्हणून त्याच्या तोंडात कोंबून कोंबून भरवलं होतं. जबड्याची कड फाटलेली, आत पू. माझ्या हातात त्याने हाताला एक वेढा दिला आणि सैल पडला. पकडणारा विशीतला मुलगा होता आणि रडत होता. कर्ज होतं त्याच्यावर.

घोरपडीचीही तीच गत. "हाथाजोडी" म्हणून पूजेच्या दुकानात वाळलेली मुळी मिळते ना? ती मुळी नसते. नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं ते. लोक हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवतात.

तुमच्या सासऱ्यांनी असलं काही केलं असं मी म्हणत नाही ताई. पण बुटाच्या खोक्याच्या मागे हीच वाट असते.

केवडा | गुरुवार, सकाळी ९.०२

हाथाजोडीचं वाचून हात थरथरले. माहेरी आहे देव्हाऱ्यात. आजच फोन करते.

गुरांचा डॉक्टर | गुरुवार, दुपारी १.३०

मी पशुवैद्य आहे. दिवस गायीम्हशींत जातो, पण कासवंही येतात. टॉवेलात गुंडाळून, "मित्राचं आहे" असं सांगत येतात.

अबोलीताई, जरा सांगा: खायला काय देता? थेट ऊन किती मिळतं? काचेतून आलेलं मोजू नका. पाठीवरच्या ढाली सपाट आहेत की टेकड्यांसारख्या? लांबी किती आणि शेपूट केवढी?

अबोली | गुरुवार, दुपारी ३.१०

पोळी, भात, काकडी, टोमॅटो, कोथिंबिरीचे देठ, जास्वंद. सासरे होते तेव्हा दूधपोळीही. ऊन मागच्या अंगणात साडेनऊ ते अकरा, पावसाळ्यात तेही नाही. पाठीवर टेकड्या आहेत, चांगल्या उंच. आम्हाला ती त्याची नक्षीच वाटायची, पाहुणे कौतुक करायचे. आत्ता मोजलं, २४ सेंटीमीटर. शेपूट अगदी आखूड, करंगळीच्या पेराएवढी.

गुरांचा डॉक्टर | गुरुवार, सायंकाळी ६.४५

या जातीत थोडे उंचवटे निसर्गतःच असतात, त्यामुळे न बघता ठाम बोलणार नाही. पण टेकड्या फार उंच झाल्या की कारण बहुधा आहारात, उन्हात आणि वाढत्या वयात राहण्याची जागा कशी होती यात सापडतं. कासवाची पाठ म्हणजे वरून घातलेलं चिलखत नाही, त्याच्या बरगड्या आणि कणाच तिथे जोडलेला असतो. ऊन थेट अंगावर पडलं की ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, ते असलं की कॅल्शियम हाडात बसतं. रानात ते गवत, पाला, फुलं, पडलेली फळं खातं. पोळी, भात आणि दूध त्याच्या पोटासाठी नाहीत. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक कासव पोळीवर वाढलेलं असतं, कारण घरातलं लाडकं माणूस म्हणजे पोळी खाणारं, असंच आपण धरून चालतो.

आणि एक. २४ सेंटीमीटर आणि शेपूट आखूड, तर तुमचा बत्ताशा बहुधा मादी आहे. या जातीत नर लहान राहतात. पावसाच्या सुमारास मागच्या पायांनी माती उकरते का?

अबोली | गुरुवार, रात्री ८.२०

उकरते.

दादरचा कट्टा | गुरुवार, रात्री ९.००

डॉक्टर, माहितीबद्दल आभार. पोळीचं मला ठाऊक नव्हतं. तरी माझा मुद्दा आहेच. आहार सुधारता येईल, ऊन देता येईल. वन विभाग काय करणार? कुठल्या तरी पिंजऱ्यात ठेवणार. कैदेतून कैदेत न्यायचं तर ओळखीची माणसं तरी का सोडवायची? शिवाय सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करता येते असं वाचलंय.

माळरान | गुरुवार, रात्री ९.४०

नोंदणीबद्दल गैरसमज आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेले नियम परदेशी जातींसाठी आहेत. मकाऊ, इग्वाना, बॉल पायथन वगैरे. स्टार कासव आपलंच. ते नोंदवून घरात ठेवायची सोय नाही.

कैदेतून कैद याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही, कबूल करतो. पण आकडा बघा. २०१५ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात आंध्र आणि कर्नाटकाच्या सीमेवरच्या एकाच व्यापारकेंद्रातून वर्षाला किमान ५५ हजार स्टार कासवं रानातून उचलली जातात, असं नोंदवलंय. एका जागेवरून! मादी एका वेळी मोजकीच अंडी घालते, दोनपासून दहापर्यंत. त्यात पिल्लं किती तगणार? २०१९ मध्ये जिनिव्हाला साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिषदेत या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घातली गेली, ती उगाच नाही.

एडिसन मुक्कामी | शुक्रवार, पहाटे ४.५५

न्यू जर्सीतून लिहितोय. इथे आमच्या मुलाकडे लेपर्ड गेको आहे, म्हणजे पालीच्या कुळातलाच ठिपक्यांचा प्राणी. आई भारतातून आली तेव्हा "पाल पाळलीत?" म्हणून दोन दिवस त्या खोलीत गेली नाही. आता व्हिडिओ कॉलवर आधी त्याचीच चौकशी करते.

ही जात मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारत या पट्ट्यातली, पण इथे तिची पैदास कित्येक पिढ्या घरगुतीच होते. आमच्याकडचा अंड्यातून बाहेर आला तोच एका तळघरातल्या डब्यात. त्याच्यासाठी रानातून कुणाला उचलावं लागलं नाही. म्हणून मला वाटतं प्रश्न "सरपटणारे प्राणी पाळावेत का" असा नाही, "कुठून आला" हा आहे. अबोलीताईंच्या लेकीने बरोबर तिथेच बोट ठेवलंय.

मात्र विकणारा "घरी पैदास केलेला" म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नये. रानातून धरलेला स्वस्त पडतो, त्यामुळे खोटं बोलायला कारण असतं. अंगावर गोचीड, जुने व्रण, नखं झिजलेली, खाण्याला नकार ही लक्षणं बघायला मला इथल्या एका जुन्या माणसाने शिकवली.

इथल्या जंगलात बॉक्स टर्टल असतं. ते सगळा जन्म काही एकरांत काढतं. मुलं सहलीत उचलून घरी आणतात, महिन्याने कंटाळून दुसऱ्याच बागेत सोडतात, आणि ते आपली जागा शोधत रस्त्यावर येतं आणि गाडीखाली जातं. हे मी स्वतः दोनदा पाहिलंय.

नवा भिडू | शुक्रवार, सकाळी ८.१२

मग मॉलमधली लाल कानाची छोटी कासवं चालतील का? ती तर परदेशी आहेत, रानातली नाहीत.

रानभूल | शुक्रवार, सकाळी ८.५०

नको दादा. रेड-इअर्ड स्लायडर अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. विकताना दहा रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं असतं, वाढून ताटाएवढं होतं. मग लोक रात्री जाऊन तळ्यात सोडतात. तिथे ते आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा बळकावतं. जगातल्या शंभर सर्वात उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

गुरांचा डॉक्टर | शुक्रवार, सकाळी ९.१०

शिवाय साल्मोनेला, म्हणजे कासवांच्या अंगावरून माणसाच्या पोटात जाऊन आजारी पाडणारा जंतू. लहान मुलं कासव तोंडाजवळ नेतात, म्हणून खुद्द अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान पाठीची कासवं विकायला बंदी आहे. घरात कुठलंही कासव असो, हात साबणाने धुवायचे.

गणिताचे मास्तर | शुक्रवार, सकाळी ११.३५

अवांतर, पण राहवत नाही. स्टार कासवाच्या पाठीचं गणितात फार कौतुक आहे. हंगेरीच्या डोमोकोश आणि वारकोन्यी या दोघांनी २००६ मध्ये एक भरीव आकार बनवला, गोम्बोत्स. कसाही ठेवा, तो डुलत डुलत एकाच स्थितीत येऊन थांबतो, आणि तेही आत कुठे वजन न घालता. नंतर त्यांनी कासवांची पाठ मोजायला घेतली. त्या आकाराच्या अगदी जवळ जाणाऱ्यांत आपलं स्टार कासव निघालं. उलथं पडलं तरी सरळ व्हायची निम्मी सोय घुमटाच्या आकारातच आहे. माणसाला जे गणित सोडवायला इतकी वर्षं लागली ते याच्या पाठीवर होतं. वर्गात मुलांना सांगतो तेव्हा दर वेळी अंगावर काटा येतो.

किनाऱ्यावरून | शुक्रवार, दुपारी ४.००

मास्तर, अवांतर चालूच आहे तर माझंही घ्या. आम्ही मंडणगड तालुक्यातले. लहानपणी थंडीत आजोबा किनाऱ्यावरून समुद्रकासवाची अंडी काढून आणायचे. वाळूत काठी खुपसायची, ओली लागली की हाताने उकरायचं. मी खाल्लीत. त्यात गैर आहे असं कुणाला वाटत नव्हतं. शेजारच्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी घरटी राखायचं काम सुरू केलं. आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला पुण्यामुंबईची माणसं येतात आणि गावात राहतात, जेवतात. आजोबा शेवटी शेवटी पहाटे उठून किनाऱ्यावर जायचे, पावलं कुठे उमटलीत ते बघायला. ओळखायची नजर तीच होती.

तुमच्या सासऱ्यांना त्या काळी कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्याबद्दल मनात किंतु ठेवू नका.

केवडा | शुक्रवार, सायंकाळी ५.१८

आईला सांगितलं. ती म्हणाली, कासव तर देवळात नंदीपुढे दगडाचं असतंच की, त्याच्यावर हात टेकूनच आपण पुढे जातो. जिवंत कासव घरात ठेवायचं तिच्या आईने कधी ऐकलंसुद्धा नव्हतं. हाथाजोडी तिने उचलून ठेवली आहे, तिचं काय करायचं ते रानभूलदादांनी मला व्यक्तिगत निरोपात सांगावं.

अबोली | शुक्रवार, रात्री ११.३०

काल एका शब्दात उत्तर दिलं, कारण पुढे लिहवेना.

दर वर्षी पावसाच्या तोंडाला बत्ताशा तुळशीवृंदावनाशेजारची माती उकरायचा. एकदा डावा पाय, एकदा उजवा. अगदी सावकाश, दोन दोन तास. आधी तिथे ओलं करायचा. आम्हाला वाटायचं घाण करतो. तुळशीपाशी म्हणून सासूबाई पाणी शिंपडायच्या, खड्डा बुजवायच्या आणि वर वीट ठेवायच्या. तो विटेला धडका द्यायचा. आम्ही हसायचो. दोन वर्षांपूर्वी न्हाणीच्या कोपऱ्यात पांढरं, टणक, लिंबाहून लहान अंडं सापडलं होतं. कबुतराचं असेल म्हणून मीच टाकून दिलं.

काल सासूबाईंना डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अडलेली होती गं ती. आणि मी विटा ठेवत होते."

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर हा धागा अर्धवट राहील. दादरकर, तुम्ही म्हणता ओळखीची माणसं, ओळखीचं घर. आमच्या घरात बत्ताशा बघून गल्लीतल्या दोन घरांनी कासवं आणली. एकाची दोन पिल्लं होती. त्याच पावसाळ्यात नाकातून फेस येऊन दोन्ही गेली. आमच्या घरी एक नीट जगत होतं म्हणून त्यांनी आणली. सासऱ्यांनी एक आणलं असं मी सोळा वर्षं धरून होते. ते एक नव्हतं.

दादरचा कट्टा | शनिवार, सकाळी ७.४०

वाचलं. विटेचं डोक्यातून जात नाही. मी माझं म्हणणं मागे घेतो असं नाही, असे प्राणी ठेवायची केंद्रं चांगली हवीत हा माझा आग्रह राहील. पण तुम्ही ठेवून घ्या असं आता म्हणणार नाही.

रानभूल | शनिवार, सकाळी ८.२५

ताई, देणार असाल तर काही गोष्टी. आसपासच्या डोंगरावर नेऊन सोडायचा मोह होईल, लोक खूप करतात. करू नका. या जातीची घरं मुख्यतः तीन: गुजरात, राजस्थान आणि लागून असलेला पाकिस्तान, मग दक्षिणेत आंध्र, तमिळनाडू, कर्नाटक, आणि श्रीलंका. बत्ताशा यातली कुठली, हे तपासणीशिवाय कळणार नाही. घरातला आजार रानातल्यांना लागतो तो वेगळाच. परत जाणं अशक्य नसतं. २०१८ मध्ये सिंगापूरहून ५१ स्टार कासवं कर्नाटकात परत आणली गेली. पण सोळा वर्षं पोळीवर काढलेली रानात जाईलच, असं आश्वासन मी देणार नाही. बहुधा केंद्रातच राहील. तिथे निदान माती असेल, तिच्या जातीची असतील.

आधी १९२६ ला फोन, कुठून कसं आलं ते खरं सांगा, कागदावर पोच घ्या. एकटीने जाऊ नका, हवं तर तिथला ओळखीचा कार्यकर्ता बरोबर देतो.

एडिसन मुक्कामी | शनिवार, रात्री ९.१५

ताई, काय झालं ते कळवा. मुलगा रोज विचारतोय.

अबोली | पुढचा गुरुवार, रात्री १०.०५

मंगळवारी दिलं.

आधी फोनवर भीती वाटली, पण आलेली माणसं नीट बोलली. पंचनामा झाला. सासूबाई स्वतः आल्या, ओल्या फडक्यात सात लाल जास्वंदी घेऊन. डॉक्टर, तुमचा अंदाज बरोबर होता, मादी आहे. पाठीच्या टेकड्या आता जाणार नाहीत म्हणाले. काही आठवडे तिला एकटं ठेवून तपासणार, मग इतरांत सोडणार.

कागदावर "कुठून मिळाले" असं होतं. मी मुंबई लिहायला गेले तर लेक म्हणाली, मुंबईत तर फक्त विकलं ना. पेन तिच्याकडे दिलं. तिने लिहिलं, "रानातून. कुठल्या ते माहीत नाही."

सासूबाईंनी तिथल्या मुलाला एकच विचारलं, माती कशी आहे. त्याने आत जाऊन मूठभर आणून दाखवली. त्यांनी ती बोटांनी चुरून बघितली आणि म्हणाल्या, मऊ आहे.